नवा लॅपटॉप कुठे पाहावा?

लॅपटॉपचे रूप दोन-चार वर्षांनी पालटते आणि दर वेळी त्याचे पहिले दर्शन जवळपास सारख्याच शब्दांत सांगितले जाते. आधीपेक्षा पातळ, आधीपेक्षा हलका, स्क्रीनच्या कडा बारीक, झाकण एका बोटाने उघडते, बोटांना धातूचा गार स्पर्श होतो. या गोष्टी खोट्या नसतात. नव्या यंत्राला हात लावताना होणारा आनंदही खरा असतो आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र या पहिल्या दर्शनात यंत्राइतकाच वाटा ते ज्या खोलीत मांडलेले असते त्या खोलीचा असतो. दुकानातली हवा थंड, उजेड सर्वत्र सारखा, वीज अखंड आणि यंत्राचे वय जेमतेम काही दिवसांचे. अशा ठिकाणी दहा मिनिटे हाताळून जे मत बनते, ते त्या खोलीतल्या यंत्राबद्दलचे असते. तेच यंत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावात मे महिन्यात दुपारी दोन वाजता कसे चालेल, याचे उत्तर त्या मतात नसते. ते वेगळे प्रश्न विचारून काढावे लागते आणि ते पहिल्या दिवशीही काढता येते, असे या प्रकरणात मांडायचे आहे.

मारेगाव हे वणीच्या शेजारचे तालुक्याचे गाव. भोवताली काळी कसदार जमीन, कापूस-तूर-सोयाबीनची शेती, कोलाम आदिवासींच्या वस्त्या (पोड) आणि वणीकडे गेले की कोळशाच्या खाणी. अशा गावात लॅपटॉप कोण वापरतो ते आधी पाहू. आपले सरकार सेवा केंद्राचा चालक दिवसभर दाखले काढतो आणि त्याच्या यंत्राला बोटांचे ठसे घेणारे उपकरण, प्रिंटर व स्कॅनर जोडलेले असतात. तलाठ्याला फेरफार आणि सातबाऱ्यासाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लावावे लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक एकाच वायरीने वर्गातला प्रोजेक्टर चालवतो. जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारा आहे, एमएस-सीआयटीचा विद्यार्थी आहे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी आहे. या सर्वांचे लॅपटॉप रोज उघडले-मिटले जातात, एसटीने प्रवास करतात आणि पाच-सहा वर्षे टिकतील या हिशेबानेच घेतलेले असतात. नव्या रूपाची परीक्षा या कामांच्या संदर्भात व्हायला हवी.

पहिले दर्शन किती फसवू शकते, याचा सर्वांत बोलका पुरावा जगातल्या सर्वांत गाजलेल्या लॅपटॉपमध्ये सापडतो. अॅपलने २०१५ मध्ये नवे मॅकबुक आणले. जाडी १३.१ मिलिमीटर, वजन किलोच्याही खाली, आणि चार्जिंगपासून पेन ड्राइव्हपर्यंत सर्व कामांना मिळून एकच यूएसबी-सी पोर्ट. इतकी कमी जाडी साधण्यासाठी की-बोर्डची रचनाच बदलली होती. प्रत्येक कळीखालच्या जुन्या कात्रीसारख्या आधाराऐवजी फुलपाखराच्या पंखांसारखा चपटा आधार आला आणि कळ अर्धा मिलिमीटरच्या आसपासच खाली जाऊ लागली. पुढल्या वर्षी हीच रचना मॅकबुक प्रोमध्ये आली. त्याच वेळी एचडीएमआय, एसडी कार्डाची खाच आणि धक्का लागताच अलगद सुटणारे मॅगसेफ चार्जर निघून गेले. वरच्या ओळीतल्या खऱ्या कळांच्या जागी बहुतेक मॉडेलांत टच बार नावाची स्पर्शपट्टी बसली. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या परीक्षणांत कळांचा आवाज, त्यांचा उथळपणा, पोर्टांची कमतरता यांबद्दल तक्रारी होत्या, पण खरा दोष त्यांत दिसणे शक्यच नव्हते, कारण तो घडायला वेळ लागतो. कळीखाली धुळीचा बारीक कण अडकला की अक्षर उमटेनासे होई, किंवा एकदा दाबल्यावर दोनदा उमटे. आणि एक कळ बिघडली तरी की-बोर्डचा सगळा वरचा भाग, त्याला चिकटवलेल्या बॅटरीसह, बदलावा लागे. जून २०१८ मध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षांपर्यंत मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. २०१९ च्या अखेरीस आलेल्या १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये कात्रीचा आधार परतला, एस्केपची खरी कळ परतली आणि जाडी १५.५ वरून १६.२ मिलिमीटर झाली. २०२१ च्या १४ व १६ इंची यंत्रांत एचडीएमआय, एसडी कार्ड आणि मॅगसेफ परत आले, टच बार गेला. जगातल्या एका श्रीमंत कंपनीने आपला गाजावाजा झालेला निर्णय पाच-सहा वर्षांत जवळजवळ सगळा उलटवला आणि यंत्र पुन्हा जाड केले. त्यातला की-बोर्डचा बदल धुळीच्या एका कणाने करायला लावला, ही गोष्ट मारेगावच्या वाचकाने नीट ध्यानात घ्यावी.

हे एकाच कंपनीबाबत घडले असेही नाही. लेनोव्होने २०१४ च्या थिंकपॅड एक्स-वन कार्बनमध्ये एफ-वन ते एफ-ट्वेल्व्ह या कळांच्या जागी स्पर्शपट्टी दिली आणि पुढच्याच वर्षी खऱ्या कळा परत आणल्या. डेलने २०१५ च्या एक्सपीएस १३ मध्ये स्क्रीनची वरची कडा बारीक करण्यासाठी कॅमेरा तळाशी नेला. व्हिडिओ कॉलवर समोरच्याला बोलणाऱ्याच्या नाकपुड्या दिसू लागल्या आणि २०१९ मध्ये कॅमेरा पुन्हा वर गेला. तिन्ही उदाहरणांत पहिल्या नजरेला सुंदर वाटावे म्हणून केलेला बदल रोजच्या वापरात टिकला नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. दीड-दोन लाखांची ही यंत्रे मारेगावात घेतो कोण? तिथे तीस-चाळीस हजारांचा लॅपटॉप चालतो, मग या दूरच्या चुकांचे पुराण कशाला? उत्तर असे की महाग यंत्राचे रूप स्वस्त यंत्रात उतरतेच, आणि उतरताना रूप येते, साहित्य येत नाही. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली आणि बॅटरी चिकटवलेली होती. तेव्हा ते नवल वाटले. आज रॅम सोल्डर केलेले लॅपटॉप स्वस्त श्रेणीतही सर्रास मिळतात. महाग यंत्रात पातळपणा ॲल्युमिनियमच्या एकसंध तुकड्याने पेललेला असतो. स्वस्त यंत्रात तोच पातळपणा प्लास्टिकवर येतो आणि बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकच्या छोट्या खुंट्यांत बसवलेल्या पितळी नळ्यांत आवळलेले असतात. बिजागरी घट्ट, प्लास्टिक पातळ आणि झाकण रोज एका कोपऱ्याने उघडलेले, असे असले की वर्षा-दोन वर्षांत खुंटी तडकते आणि झाकणासोबत खालचा भागही उचकटतो. दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात हा रोग ओळखीचा आहे. म्हणजे महाग यंत्रातली चूक मारेगावात पोहोचते, आणि ती सुधारणारी मोफत योजना मात्र सोबत येत नाही.

आता उन्हाकडे वळू, कारण माझ्या मते या विषयाचा गाभा तिथे आहे. विदर्भाच्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. अॅपल आपल्या लॅपटॉपसाठी वापराचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस असे छापते, आणि ३५ अंशांपेक्षा जास्त उष्णतेत बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते असेही सांगते. इतर अनेक कंपन्यांची मर्यादाही ३५ अंशांच्या आसपासच आढळते. म्हणजे मारेगावचा उन्हाळा या यंत्रांच्या लेखी ‘वापराच्या बाहेरचा’ ऋतू ठरतो. याचे गणित अवघड नाही. प्रोसेसर साधारण ९५-१०० अंशांवर गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. बाहेर टाकता येणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. खोली २५ अंशांवर असेल तर हा फरक सत्तर अंशांचा, खोली ४५ वर गेली तर पन्नासचा. म्हणजे त्याच पंख्याने, त्याच जाळीतून ढोबळ मानाने ३० टक्के कमी उष्णता बाहेर जाते. यंत्र जितके पातळ, तितका पंखा लहान आणि हवेची वाट अरुंद, म्हणून हा तोटा पातळ यंत्राला अधिक जाणवतो. दुकानात झपाट्याने चालणारा लॅपटॉप उन्हाळ्यात संथ झाला की दोष विंडोजला किंवा व्हायरसला दिला जातो, पण पुष्कळदा यंत्र केवळ तापलेले असते. बॅटरीचे दुखणे याहून चिवट. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सतत पूर्ण भरलेले राहणे या दोन्ही गोष्टी झिजवतात, आणि वीज जाईल या धास्तीने चार्जर कायम लावून ठेवणाऱ्या केंद्रात दोन्ही एकत्र येतात. नव्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे की नाही, हा प्रश्न मारेगावात झाकणाच्या रंगापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

उन्हासोबत धूळ येते आणि कापसाच्या गावात तंतूही येतात. हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत तरंगणारी तुसे पंख्याने आत ओढली जातात, पंख्यामागच्या बारीक पत्र्यांवर साचतात आणि त्यांचा नमद्यासारखा थर बनतो. तो काढणे सोपे आहे, फक्त तळ उघडता यायला हवा. नवे रूप देताना तळाचे स्क्रू रबरी पायांखाली लपवले जातात, कडा आतल्या आकड्यांनी अडकवल्या जातात. तळ अखंड व स्वच्छ दिसतो. दहा मिनिटांच्या पाहणीत ही देखणी बाजू ठरते. तिसऱ्या वर्षी पंखा साफ करताना याच आकड्यांपैकी दोन तुटतात.

की-बोर्डबाबत एक बारीक गोष्ट आहे, जी इंग्रजीतल्या कोणत्याही परीक्षणात येणार नाही, कारण ती मराठी टंकलेखकालाच जाणवते. भारतीय लिप्यांसाठीची इनस्क्रिप्ट मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट आहे. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. अक्षरे अधिक, म्हणून उजव्या कडेच्या विरामचिन्हांच्या कळाही कामाला लागतात. अर्धविरामाच्या कळीवर च आणि छ, शेजारच्या अवतरणचिन्हाच्या कळीवर ट आणि ठ, चौकटी कंसाच्या कळीवर ड आणि ढ, तिरप्या रेघेच्या कळीवर य. आता नवे यंत्र आटोपशीर करताना जागा वाचवायची झाली तर कुठल्या कळा अरुंद होतात? बहुधा याच, उजव्या कडेच्या, कारण इंग्रजी लिहिणाऱ्याला त्या क्वचित लागतात. त्याच्या दृष्टीने मोकळा, ऐसपैस वाटणारा की-बोर्ड मराठी अर्ज भरणाऱ्याच्या ‘पट्टा’, ‘गट’, ‘वाटणी’, ‘चतुःसीमा’ या रोजच्या शब्दांना अडखळवू शकतो. म्हणून लॅपटॉप पाहायला गेल्यावर त्यावर मराठी लावून एक पूर्ण परिच्छेद लिहून पाहावा. कळांवर देवनागरी छापलेली नसली तरी बिघडत नाही. इनस्क्रिप्ट शिकलेला हात कळांकडे पाहत नाही, पण कळीची रुंदी त्याला लगेच कळते.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. बदलाला प्रत्येक वेळी विरोध झाला आणि पुष्कळदा बदल करणारेच बरोबर ठरले. १९९८ च्या आयमॅकमधून फ्लॉपी गेली तेव्हा ओरड झाली. २००८ मध्ये मॅकबुक एअर सीडी ड्राइव्हशिवाय आले तेव्हाही झाली. आज त्या दोन्हींवाचून कुणाचे अडत नाही. मग पोर्ट गेले म्हणून तक्रार करणारे उद्या तसेच चुकीचे ठरणार नाहीत कशावरून? या आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच बदलाचा सरसकट राग उपयोगाचा नाही. फरक ओळखण्याची कसोटी मला अशी दिसते: यंत्रातून जी वस्तू काढली, तिचे काम यंत्राबाहेरच्या जगातूनही संपत आले होते का? फ्लॉपीचे काम सीडी आणि इंटरनेट यांनी, तर सीडीचे काम पेन ड्राइव्ह आणि इंटरनेट यांनी उचलायला घेतले होते, म्हणून त्या गेल्या आणि परत आल्या नाहीत. एचडीएमआय काढले तेव्हा सभागृहातला प्रोजेक्टर आणि घरातला टीव्ही आपल्या जागी तसेच होते, म्हणून ते पाच वर्षांत परत आणावे लागले. आणि या कसोटीचे उत्तर ठिकाणागणिक बदलते, हा मुद्दा सहसा सुटून जातो. कॅलिफोर्नियातल्या कार्यालयात जुन्या चौकोनी यूएसबीचे काम संपले असेल. मारेगावच्या सेवा केंद्रात ठसे घेणारे उपकरण, स्वाक्षरीचे टोकन आणि प्रिंटर हे तिन्ही अजून त्याच तोंडाचे आहेत. तिथे फक्त दोन यूएसबी-सी पोर्टांचा लॅपटॉप म्हणजे कायम लोंबकळणारे डोंगल, म्हणजे सैल होणारी आणखी एक जोडणी. याच न्यायाने यूएसबी-सी चार्जिंगचे मात्र स्वागत केले पाहिजे. प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या पिनचा चार्जर मिळवण्यासाठी शहर गाठण्याची गरज त्याने संपते. पुरेशा वॅटचा कुणाचाही चार्जर चालतो आणि १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालणारा असल्याने खेड्यातला पडलेला दाबही तो सोसतो. भारतीय मानक ब्यूरोने यूएसबी-सीचे मानक स्वीकारले आहे. एकाच पोर्टबाबत एका कामाला ‘हवे’ आणि दुसऱ्या कामाला ‘अजून नको’ असे म्हणण्यात काही विसंगती नाही.

देखणे नसलेले यंत्र ठिकाणाला साजेसे ठरू शकते, याचा उलट्या बाजूचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप या निकोलस निग्रोपोंटे यांच्या मोहिमेतला एक्सओ नावाचा लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट या छोट्या गावातल्या एकशिक्षकी शाळेत पोहोचला. भारतातला तो पहिला प्रयोग. एक्सओचे पहिले दर्शन खेळण्याचे होते: हिरवे-पांढरे प्लास्टिक, धरायला मूठ, सशाच्या कानांसारखे दोन अँटेना. जाणकारांच्या नजरेत ते यंत्र दुबळे होते, ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम. पण त्या रूपातली जवळपास प्रत्येक गोष्ट उन्हाधुळीचा विचार करून आलेली होती. मेरी लू जेप्सन यांनी घडवलेली स्क्रीन मागचा दिवा बंद करून, भर उन्हात, कृष्णधवल रूपात स्वच्छ वाचता येई. आत पंखा नव्हता, म्हणून धूळ ओढली जात नसे. फिरणारी हार्ड डिस्क नव्हती. की-बोर्ड अखंड रबराचा होता आणि मिटलेले कान पोर्टांची तोंडे झाकत. दहा वर्षांनी महागड्या मॅकबुकला ज्या धुळीने हरवले, तिचा विचार या खेळण्याने आधीच केलेला होता. तरीही एक्सओला निर्दोष ठरवणे चूक होईल. शंभर डॉलरची जाहीर केलेली किंमत प्रत्यक्षात १८० डॉलरच्या वर गेली, हाताने फिरवून वीज करण्याचा दांडा अंतिम यंत्रात उरलाच नाही, आणि सुरुवातीच्या यंत्रांचा टचपॅड दमट हवेत भरकटे. शिकण्यावरच्या परिणामाबाबत पेरूमधल्या ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात गणित व भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. म्हणजे ठिकाणाला साजेसे यंत्र दिले की शिक्षण आपोआप होते, असा अर्थ काढता येत नाही. पण यंत्राच्या घडणीपुरते बोलायचे तर एक्सओने हे दाखवले की ऊन, धूळ आणि अपुरी वीज यांना धरून लॅपटॉप घडवता येतो. मोठ्या कंपन्यांनी ते केले नाही, कारण त्यांचे गिऱ्हाईक दुसऱ्या खोलीत बसलेले होते.

राहिला तिसरा आक्षेप: गिऱ्हाइकाच्या हाती पहिले दर्शनच असते. वर्षभर वापरून मग विकत घ्या, हा सल्ला निरुपयोगी आहे. हे मान्य, पण पहिल्या भेटीत काय पाहायचे ते ठरवणे गिऱ्हाइकाच्याच हाती आहे. बैलबाजारात जाणता शेतकरी झूल आणि रंगवलेली शिंगे पाहून थांबत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, जोडी चालवून पाहतो, आणि हे सगळे अर्ध्या तासात उरकते. लॅपटॉपचेही तसेच. यंत्र उलटे करून स्क्रू दिसतात का, हवेची जाळी तळाला आहे की बाजूला, हे पाहावे. जाळी नुसती तळाला असली तर सतरंजीवर किंवा मांडीवर ठेवताच ती बुजते. झाकण एका कोपऱ्याने उघडून खालचा भाग मुरडतो का ते बघावे. दुकानाच्या दाराशी, रस्त्याच्या उजेडात नेऊन स्क्रीनवर अक्षरे दिसतात की आपला चेहरा, हे पाहावे. साधारण लॅपटॉपची स्क्रीन २५०-३०० निट्स तेजस्वितेची असते आणि चकचकीत काचेची असेल तर उघड्या ओसरीवर ती हरते. रॅमची खाच मोकळी आहे का, चार्जिंगचे पोर्ट वेगळ्या छोट्या पट्टीवर आहे की थेट मदरबोर्डवर, हे विक्रेत्याला विचारावे. त्याला सांगता आले नाही तर त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर पाहता येते. अनेक कंपन्या ती खुली ठेवतात.

या प्रश्नांना आता कायद्याचेही थोडे बळ मिळू लागले आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे सक्तीचे केले, त्यामुळे किंमत आणि वजन यांच्या शेजारी तिसरा आकडा दुकानातच दिसू लागला. त्याच वर्षी फ्रेमवर्क या कंपनीने असा पातळ लॅपटॉप आणला की ज्याची बॅटरी, की-बोर्ड, स्क्रीन आणि पोर्टसुद्धा गिऱ्हाईक एका स्क्रू-ड्रायव्हरने बदलू शकते. पातळपणा आणि दुरुस्ती यांचे वैर अटळ आहे, हा कंपन्यांचा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, पण ते अजून माहितीच्या पातळीवर आहे. गुण छापण्याची सक्ती इथे नाही आणि ती यायला हवी. युरोपीय संघाच्या बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. त्यासाठी कंपन्यांना लॅपटॉपचा तळ पुन्हा आखावा लागेल, म्हणजे रूपाचा आणखी एक फेरा येणार. ते नवे यंत्र यवतमाळच्या किंवा नागपूरच्या दुकानात येईल तेव्हा झाकण उघडण्याआधी ते उलटे करून पाहावे: युरोपात दिलेला तो उघडता येणारा तळ आपल्याकडच्या मॉडेललाही आहे की नाही, आणि बॅटरी सुटी विकत मिळते की नाही.